संशोधनाचा खर्च आणि व्यापारी शहाणपण

व्यापाऱ्यानें पैसा कोठें घालावा, याविषयीं ज्यांनीं उभ्या आयुष्यांत एक रुपयाहि व्यापारांत घातलेला नाहीं, असे लोकच आपल्याकडे अधिक ठामपणें बोलत असतात. नोकरींतून निवृत्त झालेले गृहस्थ, चार कंपन्यांचे थोडेथोडे शेअर बाळगणारे वकील, आणि वर्तमानपत्राचें अर्थविषयक पान वाचून झाल्यावांचून चहाला न शिवणारे प्राध्यापक, यांचें एका मुद्द्यावर हल्लीं विलक्षण एकमत दिसतें. तो मुद्दा असा कीं, ज्या संशोधनांतून उद्यां-परवां विकण्याजोगी वस्तु निघावयाची नाहीं, त्यावर कंपनीनें पैसा खर्च करणें म्हणजे भागीदारांच्या जिवावर चाललेली चैन होय. कोणी जरा सौम्य शब्दांत तिला जाहिरात म्हणतात; ज्यांचें अंतःकरण फारच कोमल आहे ते तिला दानधर्म म्हणतात. परंतु तिला व्यापार म्हणावयास यांपैकीं कोणीच तयार नाहीं. ज्ञान वाढविणें हें सरकारचें व विद्यापीठांचें काम, माल विकणें हें कंपनीचें काम, अशी कामाची वांटणी करून ही मंडळी मोकळी होतात.

हें मत ऐकावयास नीटनेटकें आहे, आणि म्हणूनच तें घातक आहे. तें खोटें आहे एवढेंच दाखवावयाचें असतें तर अमेरिकेंतील व जर्मनींतील चार प्रसिद्ध प्रयोगशाळांचीं नांवें घेऊन काम भागलें असतें. परंतु तेवढ्यानें आपल्या मंडळींचें समाधान होत नसतें. “तो देश श्रीमंत, त्यांची गोष्ट निराळी,” हें उत्तर त्यांच्या जिभेवर तयारच असतें. म्हणून या विषयाचा विचार आपण श्रीमंत देशांपासून शक्य तितक्या दूरच्या जागेवरून करूं. भंडारा जिल्ह्यांतील तुमसर तालुक्याच्या अगदीं कडेला, मध्य प्रदेशाच्या हद्दीला लागून, बपेरा नांवाचें गांव आहे. या टापूंत जमिनीच्या वर धान पिकतें आणि याच तालुक्यांत डोंगरी बुजुर्ग व चिखला येथें जमिनीच्या पोटांतून मँगनीज निघतें. धान गिरणींत जातें, मँगनीज मालगाडींत जातें, आणि या दोहोंविषयींचें ज्ञान मात्र बहुतेक वेळां दुसरीकडे कोठें तरी तयार होतें. असें कां व्हावें, हाच आमचा प्रश्न आहे.

प्रथम धानाकडे पाहूं. शंभर मण धान गिरणींत घातलें म्हणजे त्यांतून अदमासें वीस मण तूस निघतें, आणि तें तूस जाळलें म्हणजे चार मणांच्या आसपास राख उरते. हें तूस म्हणजे गिरणीवाल्याच्या घरचें एक नकोसें पोर. त्यांत सत्त्व नसल्यामुळें गुरांच्या तें कामाचें नाहीं; शेतांत टाकलें तर तें लवकर कुजत नाहीं; ढीग करून ठेवलें तर वाऱ्याबरोबर साऱ्या आळीच्या डोळ्यांत जातें. याचें कारण त्यांत असलेली सिलिका, म्हणजे वाळूचेंच द्रव्य. धानाचें रोप हें द्रव्य पाण्याबरोबर जमिनींतून ओढून घेतें आणि दाण्याभोंवतीं त्याचें चिलखत करतें. राखेंत तर शेंकडा पंचाऐंशीहून अधिक भाग सिलिकेचाच असतो. तूस बेताच्या आंचेवर जाळलें म्हणजे मागें राहणारी राख अतिशय सच्छिद्र असते. तिच्या कणाकणांत सूक्ष्म पोकळ्या असतात, आणि पाण्यांतील गढूळपणा, वास व कांहीं जंतु या पोकळ्यांत व त्यांच्या पृष्ठभागावर अडकून राहतात. वैनगंगेच्या खोऱ्यांत पिढ्यान्‌पिढ्या तूस जळत आलें आणि त्याची राख उकिरड्यावर पडत आली. तिच्यांतील हा गुण एखाद्या गिरणीवाल्यानें तपासून पाहिला असता तर नवल नव्हतें. परंतु तो तपासून पाहिला पुण्यांतील एका संशोधनशाळेनें, आणि ती शाळा ज्या कंपनीची, तिचा धानाशीं तिळमात्र संबंध नव्हता.

१९८१ सालीं टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस या कंपनीनें पुण्यास टाटा रिसर्च डेव्हलपमेंट अँड डिझाइन सेंटर या नांवाची संस्था काढली. कंपनीचा धंदा संगणकाच्या आज्ञावली लिहून देण्याचा. कंपनीचे सूत्रधार फकीरचंद कोहली यांनीं या संस्थेचे पहिले संचालक म्हणून कोणास आणावें? कानपूरच्या आय. आय. टी.मधील ई. सी. सुब्बराव यांना, म्हणजे मृत्तिकाद्रव्यांच्या व धातूंच्या शास्त्रांत ज्यांनीं नांव मिळविलें होतें अशा प्राध्यापकांना. आमचा हिशेबी भागीदार त्या वेळीं सभेंत असता तर त्यानें उठून विचारलेंच असतें कीं, आज्ञावली लिहिणाऱ्यांना विटा, भट्ट्या आणि राख यांच्याशीं काय कर्तव्य आहे? आणि प्रामाणिकपणें सांगावयाचें तर, त्या दिवशीं त्याला समाधानकारक उत्तर कोणीच देऊं शकलें नसतें.

उत्तर मिळावयास पुष्कळ वर्षें लागलीं. तुसाच्या राखेचा उपयोग करून पाणी गाळण्याचें “सुजल” नांवाचें एक साधें साधन या संस्थेंत तयार झालें. २००४ च्या डिसेंबरांत आलेल्या त्सुनामीनंतर संकटग्रस्त किनाऱ्यावर तें उपयोगी पडलें, आणि मग त्याकडे नव्यानें लक्ष गेलें. राखेच्या कणांवर चांदीचे अतिसूक्ष्म कण बसविले तर पाण्यांतील जंतूंचा नाश अधिक खात्रीनें होतो, हें सिद्ध झाल्यावर डिसेंबर २००९ मध्यें “टाटा स्वच्छ” या नांवानें हजार रुपयांच्या आंतील किंमतीचें गाळणयंत्र बाजारांत आलें. त्यास वीज लागत नव्हती आणि नळाचें वाहतें पाणीहि लागत नव्हतें. संस्थेच्या स्थापनेपासून या दिवसापर्यंत अठ्ठावीस वर्षें लोटलीं होतीं.

आतां, या यंत्राच्या विक्रींतून अठ्ठावीस वर्षांचा खर्च भरून निघाला कीं नाहीं, असा प्रश्न विचारून विजयी मुद्रेनें आमच्याकडे पाहणारे वाचक असतीलच. त्यांस आमचें म्हणणें असें कीं, हिशेब असा मांडावयाचाच नसतो. ज्या शाळेंत राख तपासली जात होती त्याच शाळेंत त्याच काळांत आज्ञावली तयार करण्याचीं साधनें व कारखान्यांतील प्रक्रियांचीं गणितें यांवरहि काम चाललें होतें. यांतून कोणतें काम फळास येईल हें आधीं कळत असतें तर त्याला संशोधन म्हणण्याचें कारण नव्हतें. त्याला नुसती उत्पादनाची तयारी म्हटलें असतें. शेतकरी पेरतो त्या प्रत्येक दाण्याचा वेगळा हिशेब तो मागत नाहीं. शेताचा हिशेब मागतो. संशोधनशाळेच्या बाबतींत मात्र आपण प्रत्येक दाण्याची पावती मागतों.

रिचर्ड नेल्सन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञानें १९५९ सालीं या प्रश्नाचा एक मार्मिक उलगडा केला. मूलभूत संशोधनाचें फळ कोणत्या दिशेला पडेल हें सांगतां येत नाहीं. म्हणून ज्या कंपनीचें अंगण लहान आहे तिच्या बाबतींत तें फळ बहुधा शेजाऱ्याच्या अंगणांत पडतें, आणि जिचे व्यवसाय अनेक आहेत तिच्या बाबतींत तें आपल्याच कोणत्या तरी अंगणांत पडण्याचा संभव वाढतो, असा त्याच्या विवेचनाचा भावार्थ आहे. पुण्याच्या राखेची गोष्ट या सिद्धान्ताचें उदाहरण म्हणून पाठ्यपुस्तकांत घालावी अशी आहे. आज्ञावलीच्या कंपनीला गाळणयंत्र विकतां आलें नसतें. परंतु त्याच घराण्यांत टाटा केमिकल्स ही रसायनांची कंपनी होती, तिनें तें बाजारांत आणलें, आणि त्याच्या जुळणीच्या नाजूक कामीं घड्याळें करणाऱ्या टायटन कंपनीचें कसब उपयोगी पडलें. ज्याला लोक उधळपट्टी म्हणतात तिच्या मुळाशीं असा व्यवहार असतो. त्याला दानधर्म म्हणणें हा तर त्या व्यवहाराचा अपमान आहे. जमशेटजी टाटांनीं १८९८ सालीं विज्ञानसंस्थेसाठीं आपली मिळकत देऊं केली आणि तिच्यांतून त्यांच्या मृत्यूनंतर १९०९ सालीं बंगलोरची संस्था उभी राहिली, हें दान होय. १९४५ सालीं दोराबजी टाटा ट्रस्टनें मुंबईस मूलभूत संशोधनाची संस्था काढण्यास साहाय्य केलें, हेंहि दान होय. पुण्याचें काम निराळ्या जातीचें आहे. तें कंपनीनें आपल्या स्वार्थासाठीं केलेलें आहे, आणि तें तसें आहे हें सांगावयास कोणाला लाज वाटण्याचें कारण नाहीं.

या स्वार्थाचें आणखी एक अंग आहे, आणि आमच्या मतें तेंच सर्वांत महत्त्वाचें आहे. ज्याच्या घरीं कोणालाहि वाचतां येत नाहीं, त्याच्या दारीं पत्र आलें तरी त्याला टपालवाल्याच्या तोंडाकडे पाहात बसावें लागतें. जगांत रोज नवे शोध लागत असतात, ते छापले जातात, सभांमधून सांगितले जातात; परंतु ते फुकट आहेत म्हणून सर्वांना सारखे मिळतात असें नाहीं. ज्या कंपनीच्या पदरीं त्याच विषयांत स्वतः धडपडणारीं माणसें आहेत, तिलाच दुसऱ्याच्या शोधाचा अर्थ वेळेवर कळतो. बाकीच्यांना तो कळतो तेव्हां त्याची किंमत परवान्याच्या रूपानें मोजावी लागते. आणि अशीं माणसें पदरीं राहावीं कशीं? नुसत्या पगारानें तीं राहात नाहींत. ज्याला कांहीं शोधावयाचें आहे अशा तरुणाला दर सहा महिन्यांनीं विक्रीचा आंकडा विचारीत बसलें, तर तो दुसरी वाट धरतो. आपल्या प्रांतांतले किती तरी तरुण याच वाटेनें परदेशीं गेले आहेत.

येथें मँगनीजची गोष्ट सांगणें प्राप्त आहे. १८९६ सालीं सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट या नांवाची विलायती कंपनी या भागांत आली, आणि विसाव्या शतकाच्या आरंभापासून नागपूर, भंडारा व बालाघाट या जिल्ह्यांतून मँगनीज बाहेर जाऊं लागलें. या खनिजाचा पहिला मोठा शास्त्रीय अभ्यास सरकारी भूगर्भखात्यांतील ल्युइस फर्मर यानें केला. त्याचा हजारांहून अधिक पानांचा ग्रंथ १९०९ सालीं प्रसिद्ध झाला. येथल्या एका खडकाला त्यानें येथल्याच गोंड लोकांवरून “गोंडाइट” हें नांव दिलें, आणि तें आज जगाच्या भूगर्भशास्त्रांत रूढ आहे. पण खनिजाच्या धंद्याचा मुख्य क्रम खणणें, चाळणें, प्रतवारी लावणें आणि बंदराकडे रवाना करणें, हाच राहिला. १९६२ सालीं या खाणी भारत सरकार, दोन्ही राज्यें आणि जुनी कंपनी यांच्या भागीदारींतल्या नव्या कंपनीकडे आल्या; १९७७ सालीं विलायती भागहि सरकारनें विकत घेतला; आणि आज ती कंपनी “मॉइल” या नांवानें ओळखली जाते.

डोंगरी बुजुर्गच्या उघड्या खाणींत मँगनीज डायऑक्साइड मिळतें, आणि तें विजेच्या कोरड्या घटांसाठीं, म्हणजे आपल्या विजेरींतल्या सेलसाठीं, उपयोगी पडतें. पुढें विद्युद्विश्लेषणानें तेंच द्रव्य शुद्ध स्वरूपांत काढण्याचा एक लहान कारखानाहि कंपनीनें तेथें देशी तंत्रावर उभारला, हें तिच्या श्रेयाचें आहे. परंतु ज्या काळांत आपण हें खनिज टनांवारी मोजीत होतों, त्या काळांत विजेच्या घटांचें शास्त्रच मुळापासून बदलत होतें, आणि तें बदलणारे लोक कोण होते हें पाहण्यासारखें आहे. १९७२ सालीं अमेरिकेंतील एक्सॉन या तेलाच्या कंपनीनें स्टॅन्ली व्हिटिंगहॅम या रसायनशास्त्रज्ञाला नोकरींत घेतलें. तेथें त्यानें लिथियमचा पुन्हां पुन्हां भरतां येणारा घट सिद्ध केला. पुढें तेलाचे भाव उतरले, कंपनीच्या हिशेबनिसांना या उद्योगांत राम दिसेना, आणि १९८० नंतर थोड्याच वर्षांत तो गुंडाळण्यांत आला. त्याच सुमारास, १९८१ मध्यें, जपानांतील आसाही कासेई ही धागे व रसायनें तयार करणारी कंपनी आपल्या आकिरा योशिनो या नोकराला वीज वाहून नेणाऱ्या एका नव्या प्लास्टिकवर काम करूं देत होती. त्या प्लास्टिकचा उपयोग काय, हें कोणालाहि ठाऊक नव्हतें. तो उपयोग शोधतां शोधतां योशिनो घटांकडे वळला. ऑक्सफर्ड येथें जॉन गुडइनफनें शोधलेल्या कोबाल्टच्या द्रव्याचा त्यानें आधार घेतला, आणि १९८५ पर्यंत आजच्या लिथियम-आयन घटाचा नमुना तयार झाला. १९९१ सालीं सोनी कंपनीनें असा घट बाजारांत आणला. २०१९ सालीं व्हिटिंगहॅम, गुडइनफ व योशिनो या तिघांना नोबेल पारितोषिक मिळालें. आणि भंडाऱ्याच्या वाचकांनीं हेंहि लक्षांत ठेवावें कीं, १९८३ सालीं गुडइनफच्याच प्रयोगशाळेंत मायकेल थॅकरे यानें कोबाल्टच्या जागीं स्वस्त असें मँगनीज वापरून दाखविलें.

या एका गोष्टींत आमच्या प्रतिपक्षाच्या बहुतेक आक्षेपांचा निकाल लागतो. कोणी म्हणतात कीं, मक्तेदारी असलेल्या कंपन्यांनाच असलीं कामें परवडतात, आणि ते अमेरिकेच्या बेल टेलिफोन कंपनीचें उदाहरण देतात. उदाहरण खरें आहे: त्या कंपनीच्या प्रयोगशाळेंत १९४७ सालीं ट्रान्झिस्टर जन्मास आला आणि त्या वेळीं अमेरिकेंतील टेलिफोनचा धंदा जवळजवळ सगळा तिच्याच हातीं होता. पण आसाही कासेईच्या हातीं कोणती मक्तेदारी होती? उलट एक्सॉनपाशीं पैशाला तोटा नव्हता, आणि तिनेंच हातचें काम टाकून दिलें. तेव्हां मक्तेदारी अवश्य नाहीं आणि नुसती श्रीमंतीहि पुरेशी नाहीं, हें उघड आहे. जें कमी पडलें तें धैर्य होतें. आणि धैर्य हें ताळेबंदाच्या कोणत्याच रकान्यांत लिहिलेलें नसल्यामुळें आमच्या हिशेबी मंडळींना तें दिसत नाहीं.

हा सगळा परक्यांचा इतिहास आहे, असें वाटत असेल तर निळीची आठवण करावी. एकोणिसाव्या शतकांत जगाला नीळ पुरविणारा देश म्हणजे हिंदुस्थान. बिहारांतील मळेवाले गोरे साहेब पिढ्यान्‌पिढ्या निळीवर धनवान झाले. त्यासाठीं रयतेवर जो जुलूम झाला त्याची कहाणी चंपारण्यांत १९१७ सालीं गांधीजींनीं जगापुढें आणली. या मळेवाल्यांना आपल्या झाडाचें रसायन तपासण्याची गरज वाटली नाहीं. कारण नीळ विकली जात होती. तिकडे १८८० सालीं आडोल्फ फॉन बायर यानें ती प्रयोगशाळेंत कृत्रिम रीतीनें तयार केली. पण ती इतकी महाग पडे कीं बाजारांत तिला कोणी विचारलें नसतें. जर्मनींतील बाडिशे कंपनीनें मात्र तिचा पिच्छा सोडला नाहीं. सतरा वर्षें तिनें या एका कामावर माणसें लावलीं, सुमारें एक कोटि ऐंशीं लक्ष मार्क खर्च केले, आणि १८९७ सालीं कारखान्यांतली नीळ बाजारांत आणली. तिची मुख्य अडचण पारा भरलेला थर्मामीटर चुकून भांड्यांत फुटल्यामुळें सुटली, असें सांगतात. पण सतरा वर्षें भांडें चुलीवर ठेवलेलें होतें म्हणून थर्मामीटर त्यांत फुटला, हें विसरूं नये. पुढें थोड्याच वर्षांत आपल्याकडील निळीचा धंदा कोसळला, आणि तेव्हां कुठें मळेवाल्यांना रसायनशास्त्रज्ञांची आठवण झाली. बाडिशे कंपनीला आपण काय शोधीत आहों हें ठाऊक होतें, म्हणून हें उदाहरण आमच्या विषयाशीं तंतोतंत जुळत नाहीं, हें आम्हांस मान्य आहे; परंतु फळ केव्हां मिळेल हें तिलाहि ठाऊक नव्हतें.

आतां दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे, नाहीं तर आम्हीं कंपन्यांचे भाट ठरूं. कंपनीनें उघडलेली संशोधनशाळा कंपनी बंदहि करूं शकते, आणि मुंबईनें हें आपल्या डोळ्यांनीं पाहिलें आहे. १९६३ सालीं गोरेगांव येथें सीबा या स्विस कंपनीच्या संशोधनकेंद्राचें उद्घाटन पंडित नेहरूंच्या हस्तें झालें, टी. आर. गोविंदाचारी यांच्यासारखा रसायनशास्त्रज्ञ तेथें प्रमुख होता. मुलुंड येथें होएक्स्ट या जर्मन कंपनीची शाळा होती. तिनें कोलियस जातीच्या एका वनस्पतीच्या मुळांतून फोर्स्कोलिन नांवाचें द्रव्य वेगळें काढलें. शोध रक्तदाबावरील औषधाचा चालला होता, आणि तें द्रव्य रक्तदाबावरचें प्रचलित औषध कांहीं झालें नाहीं. पण १९८१ सालीं अमेरिकेंतील शास्त्रज्ञांना असें आढळून आलें कीं, पेशींच्या आंत निरोप पोंचविणाऱ्या यंत्रणेंतलें एक प्रमुख एन्झाइम या द्रव्यानें थेट जागें होतें; तेव्हांपासून जगांतील जीवशास्त्राच्या असंख्य प्रयोगशाळांत मुलुंडचें हें द्रव्य रोजच्या वापरांत आहे. सीबाचें केंद्र पुढें कंपनीचें धोरण बदललें तेव्हां संपुष्टांत आलें, आणि होएक्स्टचें केंद्र १९९८ सालीं निकोलस पिरामल या कंपनीनें विकत घेतलें. ज्या निर्णयांनीं मुंबईंतल्या अशा शाळांचें भवितव्य ठरलें ते दूर देशीं घेतले गेले, आणि येथें अनेक वर्षें खपलेल्या शास्त्रज्ञांना त्यांत आवाज असण्याचें कारणच नव्हतें. १९७० च्या कायद्यानें औषधी द्रव्यांवरील पेटंट रद्द झालें, म्हणून परदेशी कंपन्यांचा उत्साह मावळला, असें एक कारण देतात. त्यांत तथ्य आहे. परंतु त्याच कायद्याच्या आश्रयानें आपले देशी औषधी कारखाने वाढले व गरिबाला औषध स्वस्त मिळालें, हेंहि तितकेंच खरें आहे. यांतून निघणारा निष्कर्ष आमच्या प्रतिपक्षाला हवा तो नाहीं. कंपन्यांनीं संशोधन करूं नये, असें यावरून ठरत नाहीं. ज्यांचें घर येथें आहे अशा कंपन्यांनीं तें केलें नाहीं, तर परक्यांनीं उघडलेल्या शाळा परक्यांच्या सोयीनें मिटतील, एवढेंच ठरतें.

आणि येथल्या कंपन्या तें करतात काय? २०२०-२१ सालीं आपला देश संशोधनावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या शेंकडा ०.६४ इतका खर्च करीत होता, आणि त्यांत खाजगी उद्योगांचा वांटा शेंकडा ३६ च्या आसपास होता. पुढारलेल्या औद्योगिक देशांत हें प्रमाण बहुधा उलटें असतें. तेथें मोठा वांटा उद्योगांचा असतो. सरकारनें आर्जवें केलीं नाहींत असें नाहीं. २०१७ पर्यंत कांहीं वर्षें स्थिति अशी होती कीं, कंपनीनें स्वतःच्या मान्यताप्राप्त संशोधनशाळेवर एक रुपया खर्च केला तर करपात्र उत्पन्नांतून दोन रुपये वजा मिळत. मग दोनाचा दीड झाला, आणि २०२०-२१ पासून एकाला एक. इतकी वर्षें हें खाद्य घालूनहि संशोधनाचें जनावर अंग धरीना, याचा अर्थ काय? आमच्या मतें, करसवलतीसाठीं जें संशोधन होतें तें करसवलतीपुरतेंच होतें. जुलै २०२५ मध्यें केंद्र सरकारनें खाजगी उद्योगांतील संशोधनासाठीं एक लाख कोटि रुपयांची योजना मंजूर केली, आणि दीर्घ मुदतीचें, अल्प व्याजाचें किंवा बिनव्याजी अर्थसाहाय्य देण्याचें ठरविलें. योजना स्वागतार्ह आहे. परंतु तिचा रोख ज्यांची सिद्धता बऱ्याच पुढच्या पायरीपर्यंत झालेली आहे अशा कामांवर आहे. म्हणजे राख गाळणयंत्रांत भरण्यासाठीं त्यांतून पैसा मिळेल, पण राखेंत काय आहे हें पाहण्यासाठीं मिळण्याची आशा थोडी. तो पैसा ज्याचा त्यानेंच घालावा लागेल.

तुमसर, गोंदिया या भागांतील तांदुळाच्या गिरण्यांचे मालक येथें म्हणतील कीं, हें सारें टाटांना शोभतें; आमची ऐपत काय? हा आक्षेप मात्र आम्हीं गंभीरपणें घेतों, कारण नेल्सनच्या सिद्धान्ताप्रमाणेंच तो खरा आहे. एकट्या गिरणीचें अंगण लहान. तिच्या संशोधनाचें फळ शेजारच्या गिरणींत पडणार, आणि शेजारी वर्गणी न देतां तें वेंचणार. पण याला तोड आपल्याच प्रांतांत निघालेली आहे. १९५४ सालीं मुंबईच्या कापडगिरण्यांनीं आपसांतील स्पर्धा बाजूला ठेवून बॉम्बे टेक्स्टाइल रिसर्च असोसिएशन ही समाईक संशोधनसंस्था काढली. साखर कारखान्यांनीं १९७५ सालीं पुण्याजवळ मांजरी येथें जी संस्था स्थापन केली, ती आज वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट या नांवानें प्रसिद्ध आहे व कारखान्यांच्या वर्गणीवर चालते. तेथें उसाच्या जातींपासून मळीच्या पाण्यापर्यंत सर्व विषयांवर काम होतें, आणि कोणत्या कारखान्यास कोणत्या कामाचा किती लाभ झाला याचा तराजू घेऊन कोणी बसत नाहीं. पश्चिम महाराष्ट्रांतील ऊस जें करूं शकला तें पूर्व विदर्भांतील धानानें कां करूं नये? साकोली व सिंदेवाही येथें कृषिविद्यापीठाचीं भातसंशोधनकेंद्रें आहेत. परंतु तीं शेतांतल्या धानाकडे पाहतात. गिरणींतल्या धानाकडे, म्हणजे तूस, कोंडा, कणी आणि राख यांकडे, गिरणीवाल्यांनींच पाहिलें पाहिजे.

आंकडा मांडून दाखवूं. २०२५-२६ च्या हंगामासाठीं साधारण धानाची सरकारी आधारभूत किंमत क्विंटलला २३६९ रुपये आहे. गिरणींत भरडल्या जाणाऱ्या प्रत्येक क्विंटलमागें एक रुपया बाजूला काढला, तर त्याचें प्रमाण किंमतीच्या दोनहजारांश भागाहूनहि कमी पडतें. वर्षाला लाख क्विंटल भरडणाऱ्या शंभर गिरण्या एकत्र आल्या तर त्यांतून दरसाल एक कोटि रुपये उभे राहतात. एवढ्या रकमेंत दहा-बारा चांगले शास्त्रज्ञ, एक नेटकी प्रयोगशाळा आणि तिला लागणारीं उपकरणें हीं तुमसरासारख्या गांवीं सहज पोसतां येतील, आणि बपेऱ्याच्या शाळेंतून रसायन शिकून निघालेल्या मुलीला पुण्यास जाण्यावांचून गत्यंतर नाहीं, ही स्थिति पालटेल. तुसाच्या राखेंतली सिलिका शुद्ध करून टायरांत, रंगांत व सिमेंटांत कोणत्या स्वरूपांत वापरतां येईल. धानाचें रोप सिलिका घेतें तें कोणत्या जमिनींत किती घेतें, आणि त्याचा किडीशीं संबंध काय. शेजारच्या खाणींतल्या कमी प्रतीच्या मँगनीजशीं या राखेचा कांहीं मेळ बसतो काय, हे प्रश्न आज कोणाच्याच मालकीचे नाहींत. यांतील एखाद्या प्रश्नाचें उत्तर दहा वर्षांनीं येईल, एखाद्याचें येणारहि नाहीं. म्हणून अशी संस्था निघालीच, तर तिच्या घटनेंत एक कलम आरंभींच घालून ठेवावें: पहिल्या दहा वर्षांत विकण्याजोगें कांहीं निघालें नाहीं, या कारणावरून कोणत्याहि सभासद गिरणीला आपली वर्गणी थांबवितां येणार नाहीं.